उसनी चाल

मस्कतच्या बौशर भागातल्या त्या बंगल्याची बेल मी पहिल्यांदा वाजवली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. जून महिन्यात त्या वेळेला गल्लीत मांजरसुद्धा दिसत नाही. क्लिनिकची गाडी मला फाटकाशी सोडून सावली शोधायला गेली होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि ज्यांना घरी जाऊन व्यायाम द्यावे लागतात ते बरेचसे पेशंट माझ्या वाट्याला येतात. या पेशंटविषयी मला एवढंच सांगितलं होतं की गृहस्थ ब्रिटिश आहेत, ऐंशी ओलांडलेले आहेत, मुलीजवळ राहतात. कंपवात आहे, चालता चालता पाय अडतात, घरात दोनदा पडलेत.

दार एका उंच, सडपातळ, म्हाताऱ्या गोऱ्या माणसानं उघडलं. पाठ ताठ, पांढरा शर्ट, बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्याच्या किंचित वर कुठेतरी पाहिलं.

"साहेब विश्रांती घेताहेत, बाईसाहेब. आपण येणार हे त्यांना ठाऊक आहे," तो म्हणाला. माझ्या हातातली बॅग घेतली, पावलांचा आवाज न करता पुढे चालत मला दिवाणखान्यात नेलं, खुर्ची दाखवली, मान लववली आणि बॅग घेऊन आत गेला.

मला जरा नवल वाटलं. इथे घरकामाला श्रीलंकेच्या, फिलिपिन्सच्या बायका असतात, केरळचे स्वयंपाकी असतात. इंग्रज नोकर मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. पण बंगलेवाल्यांचं काही सांगता येत नाही. मी बसून राहिले. एसीचा आवाज तेवढा चालू होता. समोर एक लांब सोफा, त्यावरच्या उशा नीट लावलेल्या. आतून कुणी आलं नाही.

बऱ्याच वेळानं पोर्चमध्ये गाडी थांबली आणि पन्नाशीची एक बाई किल्ली हातात घेऊन आत आली. ही त्यांची मुलगी. इथल्या एका शाळेत शिकवते.

"तुम्हाला दार कुणी उघडलं?" तिनं विचारलं.

"तुमच्या नोकरानं."

ती जागच्या जागी थांबली. "आमच्याकडे नोकर नाही," असं म्हणाली आणि आत धावली.

मी मागोमाग गेले. आतल्या बोळात न्हाणीघराच्या दाराशी तोच माणूस उभा होता. पण गुडघे वाकलेले, मान पुढे आलेली, एक हात चौकटीला घट्ट धरलेला. उजवं पाऊल जमिनीवर थरथरत होतं आणि उचलत नव्हतं. माझी बॅग पायाशी पडली होती. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"बाबा, किती वेळ असे उभे आहात?" मुलगी म्हणाली.

त्यांनी उत्तर दिलं ते अगदी वेगळ्या आवाजात. बारीक, शब्दात शब्द मिसळलेल्या. "तो इथपर्यंत आला," ते म्हणाले, "आणि मला सोडून गेला."

माझे पेशंट ते होते.

* * *

कंपवातात असं होतं हे मला माहीत होतं. सपाट फरशीवर खिळून राहिलेला माणूस जिना भराभर चढतो. समोर काठी आडवी टाकली की ती ओलांडून चालायला लागतो. गाणं लावलं की पाय सुटतात. पायात ताकद असते; निघायचा हुकूम तेवढा पोचत नसतो. त्यामुळे यांना दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं हुकूम पोचतो हे मी पुस्तकी बुद्धीनं समजून घेतलं. पण अंगावर आलेला काटा त्यानं गेला नाही.

त्यांची मुलगी मला बाहेर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "ते नट होते. तुम्ही त्यांना ओळखणार नाही, तिकडेही कुणी ओळखत नाही. पण पन्नास वर्षं पडद्यावर कुठे ना कुठे होते. पाद्री, बँकेतला कारकून, पोलीस, प्रेत."

"प्रेत?"

"प्रेत फार चांगलं करायचे."

आठवड्यातून तीन दुपारी मी जायला लागले. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण आता आठवतं ते सगळं मला मराठीतच आठवतं. त्यांचा आवाज क्षीण होता, कान जवळ न्यावा लागे. आणि चेहरा अजिबात हलत नसे. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, मुखवटा घातल्यासारखं दिसतं. पहिल्या आठवड्यात त्यांनीच विषय काढला.

"जन्मभर याच्यावर पोट भरलं," गालाला बोट लावून ते म्हणाले. "आता हे दुकान बंद. पाय तेवढे भाड्यानं मिळतात."

म्हणून आम्ही पायांवर काम सुरू केलं. बोळ लांब होता. एका टोकाला त्यांची खोली, दुसऱ्या टोकाला बागेत उघडणारं काचेचं दार. स्वतः म्हणून निघाले की तिसऱ्या पावलाला अडायचे. मग मी म्हणायचे, "आज कोण?" ते डोळे मिटायचे. थोडा वेळ काही होत नसे. मग पाठ बदलायची. मानेपासून खाली काहीतरी सरकत गेल्यासारखं दिसायचं आणि एक परका माणूस बोळातून चालत माझ्याकडे यायचा. मी त्याच्या शेजारून कमरेचा पट्टा धरून चालायचे, पण मला धरायची गरज पडत नसे. काचेच्या दाराशी पोचलं की तो माणूस निघून जायचा आणि म्हाताऱ्याचं वजन एकदम माझ्या हातावर यायचं.

अशी मला त्यांची सगळी कारकीर्द त्या बोळात भेटली. जाड तळव्यांचे बूट घातल्यासारखा चालणारा इन्स्पेक्टर. प्रत्येक पावलाला कुणाची तरी क्षमा मागणारा पाद्री. हे सगळे कुणाकुणावरून उचललेले होते. पाद्री एका बस-तपासनिसाचा होता, त्याच्या पायाला कुरुपं होती. मला दार उघडणारा बटलर त्यांच्या बँकेच्या मॅनेजरचा होता. "बूट सापडले की माणूस सापडतो," ते म्हणायचे. "तोंडाचं मागाहून बघता येतं."

लहानपणची गोष्ट त्यांनी एकदा पाय ताणून घेताना सांगितली. इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या गावात त्यांची आई भाडेकरू ठेवायची. फिरत्या नाटक मंडळीतले नट, फिरते विक्रेते, एकटेदुकटे म्हातारे. संध्याकाळी आई भांडी घासत असताना हे तिच्यामागे चालून दाखवायचे आणि तिनं न बघता, नुसत्या पावलांवरून ओळखायचं, भाडेकरू कोण. तिला ते चटकन ओळखू यायचं. त्यातला एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस वरच्या खोलीत हृदय बंद पडून गेला. त्याला नेल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी वरून जिना उतरायला सुरुवात केली, त्याच्या पावलांनी. एक पायरी, थांबणं, कठड्यावर अंगठीचा टक् आवाज, पुढची पायरी.

"आईच्या हातातली बशी पडली," ते म्हणाले. "मी खाली पोचलो तेव्हा तिनं मला कानफटात मारली. मग किती तरी वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, परत एकदा कर."

"केलंत?"

"ती म्हणेल तेव्हा करायचो. पुढची दोन-तीन वर्षं. वडील कामावर गेले की."

त्यानंतर त्यांचं आयुष्य तसं सरळ होतं. दर आठवड्याला नवं नाटक लावणाऱ्या कंपनीत शिरले. केस लवकर गेले म्हणून विशीतच म्हाताऱ्याच्या भूमिका मिळाल्या, आणि मग त्याच मिळत गेल्या. नायक कधी झाले नाहीत. टीव्ही आला तेव्हा काम वाढलं. ओमानमध्ये ते पहिल्यांदा आले तेही एका सिनेमासाठीच, वाळवंटात तंबू ठोकून. इंग्रज अधिकाऱ्याचं काम होतं, तो सिनेमा पुरा झालाच नाही. पुढे मुलगी इथे नोकरीला आली, तिकडे बायको वारली आणि मग आजार वाढला तसं मुलीनं त्यांना आणलं.

एकच भूमिका अशी होती की जिच्याविषयी ते स्वतःहून बोलत नसत. फाशी देणाऱ्याची. ती मला मुलीकडून कळली. त्या नाटकानंतर ते राहत होते तिथल्या घरमालकिणीनं त्यांना खोली सोडायला सांगितली होती म्हणे. तिचं म्हणणं, जिन्यावरून ते वर येताना तिला बरं वाटत नाही.

* * *

ऑगस्टच्या सुरुवातीला मी पाहिलं की ते दिवाणखान्यातून जाताना सोफ्याच्या बाजूला किंचित मान लववतात. मला वाटलं, मानेचा ताठरपणा. दोन-तीनदा झाल्यावर मी विचारलं.

"मंडळी बसलेली असतात," ते म्हणाले. "न बघता पुढे जाणं बरं दिसत नाही."

"कोण मंडळी?"

"आपलीच. पाद्री आहे, इन्स्पेक्टर आहे. ज्यांना आपण वापरलं ती."

त्यांच्या मुलीला हे ठाऊक होतं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की आजार पुढे गेला की, किंवा औषधांनीही, माणसं दिसतात. बहुधा गप्प असतात, त्रास देत नाहीत. पेशंट घाबरत नसेल तर वाद घालू नये. ते घाबरत नव्हतेच. घाबरायचो आम्ही दोघी. तिनं मला सांगितलं की ती आता त्या सोफ्यावर बसत नाही. "मूर्खपणा आहे, कळतं मला. पण बसायला गेले की ते 'अगं, जरा' असं म्हणतात."

त्यांना एवढंच खटकायचं की फाशी देणारा सोफ्यावर न बसता दाराजवळच्या खुर्चीत बसतो. मी पहिल्या दिवशी बसले होते त्या.

आणि त्याच सुमाराला माणसं संपायला लागली. पाद्रीनं एके दुपारी अर्ध्या बोळात दगा दिला. आठवड्याभरात इन्स्पेक्टरही. "झिजतात," ते म्हणाले. "फार चालवलं की झिजतात. आता ते तिथे बसून राहणार." बटलर तेवढा टिकला, तोही सप्टेंबरमध्ये गेला.

"अजून एक आहे ना?" मी विचारलं.

"त्याला उठवायचं नाही," ते म्हणाले. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग आम्ही साध्या उपायांवर आलो. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, मोबाईलवर ठोके लावले. थोडंफार जमायचं. पण त्या दिवसांत मला जाणवायचं की व्यायाम चालू असताना ते माझ्याकडे बघताहेत. चेहऱ्याकडे नाही. मी बॅग ठेवताना, पट्टा बांधताना, दारातून येताना. न हलणाऱ्या चेहऱ्यातले डोळे माझ्याबरोबर फिरायचे. मला अवघडल्यासारखं होई, पण पेशंट बघतोच, म्हणून मी सोडून दिलं.

* * *

माझे वडील कोकणातल्या एका तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. लोकांच्या घरी जाऊन समन्स बजावायचं हे त्यांचं काम. ज्या घरी जायचे तिथे कुणालाही त्यांचं येणं नको असायचं. म्हणून त्यांची एक रीत पडली होती. अंगणाच्या कडेला आले की डावा हात पाठीमागे न्यायचे. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासायचे, दोरा वळल्यासारखा. मग घसा दोनदा साफ करायचा, अगदी हळू, आणि अर्धं पाऊल टाकून थांबायचं. आतल्या माणसांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. पुढे ते स्वतःच्या घरीही तसेच यायला लागले. त्या खोकल्यावर आई चहाचं आधण ठेवायची. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

यातलं काहीही मी त्या इंग्रज म्हाताऱ्याला सांगितलेलं नव्हतं. पेशंटजवळ मी घरचं बोलत नाही.

ऑक्टोबरमधली दुपार. त्यांची मुलगी शाळेतून यायची होती, दार तिनं उघडं ठेवायला सांगितलेलं. मी आत गेले, दिवाणखाना ओलांडून बोळाच्या तोंडाशी आले आणि पलीकडच्या टोकाला, काचेच्या दाराच्या उजेडात, अण्णा उभे होते.

चेहरा उजेडामुळे दिसत नव्हता. डावा हात पाठीमागे. उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत होता. घसा दोनदा साफ केल्याचा आवाज आला. अर्धं पाऊल. थांबणं. मग ते चालत माझ्या दिशेनं यायला लागले, नेहमीसारखे, उजव्या खांद्यानं जरा वाट काढत.

मला आठवतं, मी पदर सारखा करायला हात उचलला. मी पँट आणि क्लिनिकचा कुडता घातला होता.

जवळ आल्यावर अण्णा गेले आणि माझे म्हातारे पेशंट तेवढे उरले. मी वेळेवर धरलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

मी खाली बसल्या बसल्या त्यांच्या पावलांकडे पाहिलं.

"तुमचं नाही, एवढं मला कळलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही खोलीत येण्याआधी अर्धं पाऊल टाकून थांबता, घसा साफ करता. बॅग ठेवली की डावा हात मागे जातो. तुमच्या वयाची, तुमच्या कामातली बाई असं करत नाही. कुणाकडून तरी आलेलं असणार. मी त्यातून तुम्हाला बाजूला काढलं आणि राहिलं ते घालून बघितलं. पुरुष आहे, साठीचा. वाईट बातमी घेऊन जाणारा. बरोबर?"

"माझे वडील," मी म्हणाले.

"आहेत?"

"नाहीत."

चेहऱ्यावरून काही कळायचा प्रश्नच नव्हता. मी उठले, पाणी प्यायले. मग मी जे म्हणाले ते म्हणताना मला त्यांची आई आठवली नाही, नंतर गाडीत बसल्यावर आठवली.

"परत एकदा करा," मी म्हणाले.

फाटकाशी आमचा ड्रायव्हर गाडी सुरू ठेवून थांबला होता. श्रीवर्धनकडचा, मला ताई म्हणणारा. आरशातून बघून म्हणाला, "ताई, कोण गेलं काय आत?"

"नाही," मी म्हणाले. "चल, यल्ला."

* * *

घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो रुसैलला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो, कुठल्याही गोष्टीत आधी बिघाड शोधतो.

"म्हातारा नट आहे," तो म्हणाला. "त्याला दुसरं काय येतं? त्यानं बघितलं आणि केलं. तुला तुझे वडील दिसले कारण तू त्यांची मुलगी आहेस."

"तुला कधी दिसलं होतं? माझ्यात अण्णांचं काही?"

तो विचार करून म्हणाला, "खोकायचीस तू. आत यायच्या आधी. सुरुवातीला मला वाटायचं, सर्दी आहे."

अण्णांच्या चालीनं ते फार चांगले चालायला लागले. इतके चांगले ते पाद्रीच्या किंवा इन्स्पेक्टरच्या चालीनंही चालले नव्हते. बोळ, दिवाणखाना, मग बागेपर्यंत. त्यांची मुलगी खूश होती. डॉक्टरांनीही चौकशी केली, काय बदललं म्हणून. मी काय सांगणार? बागेतल्या बोगनवेलीपर्यंत रोज माझे वडील चालत जायचे आणि मी पट्टा धरून बरोबर. मी त्यांना अण्णांच्या गोष्टी सांगायला लागले. कुणी कुत्रं अंगावर सोडलं होतं ते, ज्या घरी समन्स द्यायचं तिथे अण्णा पाणी घेत नसत आणि बसतही नसत ते. आधी मी पेशंटजवळ घरचं बोलत नसे. आता दुपारची वाट बघायचे.

एका शुक्रवारी मी बाजारातून आले. माझी मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. ती वादी कबीर भागातल्या शाळेत आठवीत आहे, मराठी अडखळत बोलते. माझ्याकडे लक्ष गेलं तशी दचकलीच.

"आई, तू ते बंद का केलंस?"

"काय?"

"ते... दारात. कफिंग. आधी मला कळायचं, आई आली. आता तू एकदम असतेस. म्हणजे, मी वर बघते आणि तू आहेस. मला भीती वाटते."

मी हसण्यावारी नेलं. मग स्वयंपाकघरात एकटी असताना दाराबाहेर जाऊन पुन्हा आत यायचा प्रयत्न केला. घसा साफ केला. तो आवाज कुणी तरी माझी नक्कल करावी तसा निघाला. डावा हात मुद्दाम मागे नेला, तर तो तिथे लाकडासारखा राहिला.

पुढच्या भेटीत मी त्यांना विचारलं, "तुम्ही घेतलंत की ते दुसऱ्याकडे राहत नाही का?"

"एरवी राहतं," ते म्हणाले. "कारण त्यांना कधी कळत नाही. तुम्ही समोर उभं राहून बघितलंत. स्वतःमधलं असं बाहेरून एकदा बघितलं की ते पुन्हा आपोआप होत नाही. मी लग्नाआधी बायकोला तिचं हसू करून दाखवलं होतं. तिला इतकं आवडलं. पण तशी ती परत हसली नाही."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"मला चालायचं होतं," ते म्हणाले.

मला राग आला असावा. पण ते इतकं सरळ बोलले की तो कुठे ठेवावा ते कळलं नाही. मी पट्टा बांधला आणि आम्ही निघालो.

* * *

डिसेंबर लागला तशी अण्णांची चालही अडायला लागली. मला ते त्यांच्याआधी कळलं. अर्ध्या पावलानंतरचं थांबणं लांबत होतं. आणि एका दुपारी दिवाणखान्यात शिरताच ते म्हणाले, "तुमचे आलेत."

मी सोफ्याकडे पाहिलं. उशा नीट लावलेल्या होत्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं.

"कुठे?"

"तिथे नाही. सोफ्याच्या मागे उभे आहेत. बसत नाहीत. मी दोनदा म्हणालो."

ते मीच त्यांना सांगितलं होतं. अण्णा बसायचे नाहीत हे मीच सांगितलं होतं. मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

"हातात काही आहे?" माझ्याच तोंडून गेलं.

ते बघत राहिले. "कागद," ते म्हणाले. "माझ्यासाठी आहे का हो?"

अशा वेळी काय म्हणायचं ते कुठल्याही कोर्सला शिकवत नाहीत. मला अण्णांचं वाक्य आठवलं, समन्स घेताना हात थरथरणाऱ्या लोकांना ते सांगायचे ते.

"ते म्हणायचे, घेतलं म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. फक्त तारीख कळते."

त्यांच्या घशातून आवाज आला. चेहरा हलला नाही, पण ते हसत होते. "सभ्य माणूस," ते म्हणाले. मग सोफ्याच्या मागच्या मोकळ्या जागेकडे बघून त्यांनी मान लववली, इतरांना लववायचे त्यापेक्षा जास्त.

मी त्या बाजूला तोंड करून थोडा वेळ उभी राहिले. काही दिसलं नाही. भीती वाटली असं म्हणता येणार नाही. शाळेत बोलावणं आलेल्या मुलीसारखं वाटलं.

त्यानंतर चालणं जवळजवळ बंद झालं. जानेवारीतल्या एका दुपारी त्यांची मुलगी घरी होती. त्यांनी आम्हा दोघींना सांगितलं की बागेच्या दारापर्यंत जायचंय.

"कुणाला घेऊन?" मी विचारलं.

"कुणी उरलं नाही. एक आहे, त्याच्याबरोबर मी जाणार नाही." त्यांनी मुलीकडे डोळे वळवले. "मी कसा चालायचो?"

तिला आधी कळलं नाही.

"मी. शूटिंगहून घरी यायचो तेव्हा. तू खिडकीत असायचीस. कसा यायचो?"

ती बोळाच्या त्या टोकाला गेली. थोडा वेळ पाठमोरी उभी राहिली. मग वळली आणि चालत आली. ती शिक्षिका, अभिनयाचा गंध नसलेली. पण एक खांदा पडलेला, पावलं घाईची आणि जरा बावरलेली, एक हात खिशात किल्ली शोधत असलेला, असा दमलेला तरुण बाप बोळातून आमच्याकडे आला. पोचेपर्यंत ती रडत होती.

ते बारकाईनं बघत होते, एखाद्या नवीन भूमिकेकडे बघावं तसे.

"असा?" ते म्हणाले. "मी ओळखला नसता."

आम्ही दोघींनी त्यांना उभं केलं. त्यांनी डोळे मिटले. खांदा पाडला, हात खिशाशी नेला. दोन पावलं टाकली, बरी पडली. तिसरं उचललं आणि खाली ठेवलंच नाही.

"हा मला जमत नाही," ते म्हणाले, आणि आम्ही त्यांना बसवलं.

फेब्रुवारीत, दुपारच्या झोपेतच ते गेले. त्यांच्या मुलीनं मला बोलावलं म्हणून मी गेले. गाल, कपाळ, ओठ, सगळं सैल पडलेलं होतं. आठ महिने जो चेहरा मी एकदाही हललेला पाहिला नव्हता, त्यावर आता काहीतरी होतं. उत्सुकता म्हणावी असं. मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा कुठल्या कामातला आहे ते मला आठवत नाहीये."

ख्रिस्ती दफनभूमीत आम्ही मोजकीच माणसं होतो. तिच्या शाळेतल्या काही शिक्षिका, मी आणि आमचा ड्रायव्हर. तो न सांगता आला होता. मागे उघडे तपकिरी डोंगर होते. पाद्री तरुण होता, केरळचा, आणि अगदी भराभर चालत होता.

त्यांची मुलगी मस्कतमध्येच राहिली. बंगला सोडून तिनं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, सोफा कुणालातरी देऊन टाकला. या वर्षी तिचा गुडघा दुखायला लागला म्हणून ती क्लिनिकमध्ये आली, आणि तिला माझ्याकडेच पाठवलं. मी तिला दोन फेऱ्या मारायला सांगते, सगळ्यांनाच सांगते. ती चालायला लागली की मी गुडघ्याकडे बघते. त्याच्या वर, खांद्यांकडे, बघत नाही.